एकीचा करारनामा

वाचकहो, महाराष्ट्राचा नकाशा आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. शाळेच्या भिंतीवर तो टांगलेला असतो, आणि मास्तर छडीने दाखवतात, 'हा कोकण, हा देश, हे खानदेश, हा मराठवाडा, हा विदर्भ.' मुलेही मागोमाग म्हणतात. पण हा नकाशा काही आकाशातून पडलेला नाही. तो तयार झाला १९६० साली, आणि तो तयार होण्यापूर्वी पुष्कळ बोलणी झाली, भांडणे झाली, रक्तही सांडले. निरनिराळ्या प्रदेशांनी एकमेकांना वचने दिली. ती वचने कोणती, आणि त्यांचे पुढे काय झाले, ह्याचा विचार आज करायचा आहे. हा विचार मुंबईत किंवा नागपुरात बसून करता येईल. पण आपण तो मोखाड्याच्या डोंगरावरून करू. तेथून ह्या गोष्टीची एक वेगळी बाजू दिसते.

प्रथम १९४७ च्या आधीचे चित्र डोळ्यांपुढे आणा. मोखाडा हा इंग्रजी अंमलाखालच्या ठाणे जिल्ह्यातला मुलूख. शहापूर तालुक्याचा तो एक पेटा होता. त्याला लागूनच जव्हार. पण जव्हार इंग्रजांच्या जिल्ह्यात नव्हते. ते संस्थान होते. मुकणे घराण्याचे राज्य, क्षेत्रफळ सुमारे ३१० चौरस मैल. उत्तरेला आणखी थोडे चालून गेले की नगर हवेली लागे, आणि तेथे तर पोर्तुगिजांचा झेंडा! म्हणजे एकाच डोंगररांगेत, एका दोन दिवसांच्या पायी वाटेवर, तीन सरकारे. वारली इकडेही, वारली तिकडेही. कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी ह्यांचे पाडे सगळीकडे विखुरलेले. नाचणी आणि वरी तीच, बोहाड्याची सोंगे तीच, सोयरीकही एकमेकांत. परंतु इकडचा माणूस गव्हर्नराचा, मधला महाराजांचा, आणि पलीकडचा लिस्बनचा.

त्यातही मोखाड्याची स्थिती विशेष होती. १९३५ च्या कायद्याने हिंदुस्थानातले काही आदिवासी मुलूख 'अंशतः वगळलेले' म्हणून ठरवण्यात आले. ठाणे जिल्ह्यातले मोखाडा, डहाणू आणि उंबरगाव हे त्यांतलेच. प्रांताच्या विधिमंडळाने केलेला कायदा ह्या भागांना आपोआप लागू होत नसे. तो लावायचा की नाही, आणि लावायचा तर कसा, हे गव्हर्नराने ठरवायचे. हेतू संरक्षणाचा होता असे सांगत. पण 'वगळलेले' हा शब्द नीट ऐका. पंगतीत एखाद्याचे पान वेगळे मांडावे, तसाच तो प्रकार होता.

आता प्रश्न असा पडतो की असे तुकडे तुकडे असलेल्या मुलखाचे एक राष्ट्र कसे व्हावे? आणि राष्ट्रात पुन्हा भाषेची, प्रदेशांची राज्ये कशी बसावीत? हा प्रश्न एकट्या आपल्यापुढेच आला असे नाही. आपल्या आधी दीडशे वर्षे तो अमेरिकेपुढे आला होता. त्या देशाची हकीगत थोडक्यात पाहिली, तर आपली हकीगत समजायला सोपी जाईल.

अमेरिकेत इंग्रजांच्या तेरा वसाहती होत्या. १७७६ साली त्यांनी स्वातंत्र्य जाहीर केले आणि लढून ते मिळवले. पण लढाई संपताच, 'आता आपले आपण' अशी वृत्ती बळावली. १७८१ साली अमलात आलेल्या त्यांच्या पहिल्या कराराप्रमाणे प्रत्येक राज्याला एक मत होते, आणि मध्यवर्ती सभेला कर बसवण्याचा अधिकारच नव्हता. पैसा मागायचा तर राज्यांपुढे हात पसरायचे. शेवटी १७८७ साली फिलाडेल्फिया शहरात ५५ प्रतिनिधी जमले आणि त्यांनी नवी घटना लिहिली. लहान राज्यांना भीती होती की मोठी राज्ये आपल्याला गिळतील. म्हणून तोड अशी निघाली: एका सभागृहात लोकसंख्येप्रमाणे प्रतिनिधी, आणि दुसऱ्यात प्रत्येक राज्याला सारख्या दोन जागा. लहानांची भीती गेली आणि संघ झाला.

तरी भांडण मिटले नाही. १७९० साली दोन वाद उभे राहिले. लढाईत राज्यांनी केलेले कर्ज मध्यवर्ती सरकारने डोक्यावर घ्यावे, असे उत्तरेकडची मंडळी म्हणत. दक्षिणेतल्या काही राज्यांनी आपले बरेच कर्ज फेडलेले होते, ती म्हणत, 'दुसऱ्याचे ओझे आम्ही का वाहावे?' दुसरा वाद राजधानीचा. अखेर हॅमिल्टन, जेफर्सन आणि मॅडिसन ह्या तिघा पुढाऱ्यांनी एकत्र बसून सौदा केला. कर्ज मध्यवर्ती सरकारने घ्यायचे, आणि राजधानी दक्षिणेच्या अंगाला, पोटोमॅक नदीच्या काठी न्यायची. दहा वर्षांनी, १८०० साली, राजधानी खरोखरच तेथे गेली. दिलेला शब्द पाळला गेला. हे ध्यानात ठेवा, कारण असाच एक करार पुढे आपल्याकडे झाला.

आता आपल्याकडे वळू. १९४७ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा लहानमोठी साडेपाचशेवर संस्थाने होती. सरदार वल्लभभाई पटेल आणि त्यांचे सचिव व्ही. पी. मेनन ह्यांनी ती एकेक करून देशात सामील करून घेतली. जव्हार संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले आणि ठाणे जिल्ह्याचा तालुका बनले. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे पुढे लोकसभेवर निवडून गेले. कालपर्यंतचा राजा आज मते मागायला रयतेच्या दारी आला, हा बदल लहान नव्हे! मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तो सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईने मोकळा झाला. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगर हवेली पोर्तुगिजांच्या हातून सुटली. तीन अंमलांतला हा डोंगर अशा रीतीने सात वर्षांत एका देशाचा झाला.

देश एक झाला. पण राज्ये कशी पाडायची? काँग्रेसने १९२० पासूनच आपल्या प्रांतिक समित्या भाषेप्रमाणे केल्या होत्या. तेव्हा स्वातंत्र्यानंतर भाषावार राज्ये होतील, असे लोक धरून चालले होते. परंतु फाळणीचा घाव ताजा होता. १९४८ साली नेमलेल्या दार आयोगाने भाषावार प्रांतरचनेविरुद्ध मत दिले. त्यानंतर जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल आणि पट्टाभि सीतारामय्या ह्यांच्या समितीनेही १९४९ साली 'आताच घाई नको' असाच सल्ला दिला. नुकताच एक तुकडा तुटला, आता आणखी तुकडे नकोत, ही त्यांची चिंता. ती खोटी नव्हती. आपण त्या पुढाऱ्यांना नुसता दोष देऊन मोकळे होऊ नये.

पण लोकांची बाजूही तितकीच खरी होती. ज्या कचेरीत माझ्या भाषेत अर्ज चालत नाही, ज्या कोर्टात माझी साक्ष दुभाष्याने सांगावी लागते, ते राज्य माझे कसे? डिसेंबर १९५२ मध्ये पोट्टी श्रीरामुलु ह्यांनी तेलुगू राज्यासाठी प्राणांतिक उपोषण करून देह ठेवला. १ ऑक्टोबर १९५३ रोजी आंध्र राज्य झाले, आणि त्याच वर्षअखेरीस न्यायमूर्ती फाजल अली ह्यांच्या अध्यक्षतेखाली राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला.

आयोगाचा अहवाल १९५५ साली आला. मराठी माणसाला त्यात संयुक्त महाराष्ट्र मिळाला नाही. विदर्भाचे वेगळे राज्य करावे, आणि उरलेला मराठी मुलूख गुजरातीसह मुंबई राज्यात ठेवावा, अशी शिफारस होती. पुढे जानेवारी १९५६ मध्ये मुंबई शहर केंद्राच्या ताब्यात ठेवण्याची घोषणा झाली आणि वणवा पेटला. एस. एम. जोशी, डांगे, अत्रे, प्रबोधनकार ठाकरे असे निरनिराळ्या मतांचे पुढारी एका समितीत आले. चिंतामणराव देशमुखांनी केंद्रातले अर्थमंत्रिपद सोडले. गोळीबारात शंभरावर माणसे बळी पडली. १ नोव्हेंबर १९५६ पासून विदर्भ, मराठवाडा, कच्छ, सौराष्ट्र सारे मिळून मोठे द्वैभाषिक मुंबई राज्य झाले. ते साडेतीन वर्षे टिकले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्ये झाली.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. भाषावार राज्ये झाली म्हणजे देश फुटेल, ही भीती खोटी ठरली. उलट, आपल्या भाषेला घर मिळाल्यावर माणूस देशाशी जास्त बांधला गेला. मनातली तक्रार ऐकून घेतली की माणूस घरात राहतो, आणि तोंड दाबले की तो घर सोडायची भाषा बोलू लागतो. कुटुंबात हे आपण रोज पाहतो, नाही का?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. मराठी भाषिक एकत्र यावे, हे म्हणणे सोपे. पण मराठी भाषिकांतही प्रदेश होतेच. नागपूर ही जुन्या मध्यप्रांताची राजधानी. तेथे विधिमंडळ होते, हायकोर्ट होते, सचिवालय होते. एकत्र आलो तर हे सारे जाणार आणि मुंबई-पुण्याचे लोक आपल्या डोक्यावर बसणार, असे वैदर्भीयांना वाटे. लोकनायक बापूजी अणे ह्यांच्यासारखे वडीलधारे पुढारी वेगळ्या विदर्भाच्या बाजूचे होते. मराठवाडा तर निजामी अंमलात मागे पडलेला. शाळा थोड्या, रस्ते थोडे, कालवे थोडे. त्याला भीती ही की आपण सगळ्यांत शेवटच्या पंगतीला बसणार.

ह्या भीतीला उत्तर म्हणून २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला. भाऊसाहेब हिरे, यशवंतराव चव्हाण, रा. कृ. पाटील, रामराव देशमुख, देवीसिंह चौहान इत्यादी तिन्ही भागांतल्या पुढाऱ्यांनी त्यावर सह्या केल्या. कराराची कलमे अकरा. मुंबई राजधानी असावी. पण वर्षातून काही काळ सरकारने नागपुरास मुक्काम करावा आणि विधिमंडळाचे एक तरी अधिवेशन तेथे भरवावे. नागपूरला हायकोर्टाचे पीठ असावे. सरकारी खर्चाची वाटणी तिन्ही भागांच्या लोकसंख्येप्रमाणे व्हावी, मात्र मराठवाड्याच्या मागासलेपणाकडे विशेष लक्ष द्यावे, आणि ह्याचा हिशोब दरवर्षी विधानसभेपुढे मांडावा. नोकऱ्या आणि उच्च शिक्षणाच्या सोयी ह्यांतही तोच न्याय.

पोटोमॅकच्या सौद्याशी हे ताडून पाहा. तेथे राजधानीचा मान देऊन दक्षिणेची समजूत घातली; येथे राजधानी मुंबईत ठेवून नागपूरला अधिवेशनाचा मान दिला. दोन्हीकडे एकी नुसत्या घोषणांवर सोडली नाही. ज्याला भीती वाटत होती त्याला कागदावर शब्द दिला. तरीही एक फरक होता. अमेरिकेतला सौदा कायद्यात उतरला होता. नागपूर करार हा पुढाऱ्यांनी आपसांत दिलेला शब्द. कोर्टात नेऊन तो वसूल करता येण्यासारखा नव्हता. १९५६ साली घटनादुरुस्ती करून ३७१ व्या कलमात विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र ह्यांच्यासाठी विकास मंडळांची तरतूद झाली, तेव्हा त्या शब्दाला काही अंशी घटनेचा आधार मिळाला.

मग पाळणूक कशी झाली? अधिवेशनाचे वचन, काही वर्षे वगळली तर, पाळले गेले. १९६० पासून दर हिवाळ्यात सरकार नागपुरास जाते. नागपूरला हायकोर्टाचे खंडपीठही आहे. परंतु ज्याला खरा पैसा लागतो, त्या वचनाचे काय? १९८३ साली सरकारने अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर ह्यांची समिती नेमली. तिने रस्ते, पाटबंधारे, शिक्षण, आरोग्य, वीज अशा बाबींत कोणता जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा किती मागे आहे, ह्याचा हिशोब मांडला. १९८४ च्या अहवालात हा अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा निघाला. घटनेत तरतूद असूनही विकास मंडळे प्रत्यक्षात स्थापन झाली ती १९९४ साली, म्हणजे तरतुदीनंतर ३८ वर्षांनी. एप्रिल २०२० मध्ये त्यांची मुदत संपली. ती पुन्हा स्थापण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने २०२२ साली घेतला.

आता कोणी म्हणेल, 'हे सारे विदर्भ-मराठवाड्याचे. ह्यात मोखाड्याचा काय संबंध?' संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. महाराष्ट्राचे तीन भाग केले, त्यांत मोखाडा कोणत्या भागात पडला? 'उर्वरित महाराष्ट्रात'. म्हणजे मुंबई, ठाणे, पुणे, कोल्हापूर आणि आमचा मोखाडा एका रांगेत! त्यात हिशोब जिल्हावार. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत मोखाडा ठाणे जिल्ह्यात होता. ठाणे, कल्याण, भिवंडी, वसई ह्यांचे कारखाने, डांबरी रस्ते आणि इस्पितळे ह्यांची सरासरी काढली की जिल्हा पुढारलेला दिसे, आणि खोडाळ्याच्या पलीकडचा पाडा त्या सरासरीच्या पोटात गडप होई. एका भावाकडे दहा पोती भात आणि दुसऱ्याकडे एकही नाही, तर सरासरी पाच पोती निघते. पण म्हणून दुसऱ्याच्या घरी चूल पेटत नाही.

१९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीला कुपोषणाने आणि आजाराने मुले दगावली, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला धक्का बसला. मुंबईपासून शे-सव्वाशे कोसही नाही, तेथे असे व्हावे? ही मुले गेली तेव्हा 'उर्वरित महाराष्ट्र' आकड्यांत सुस्थितीत होता. त्याच सुमारास सुखठणकर समितीने सुचवले की आदिवासींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात राज्याच्या योजनेतला पैसा आधीच बाजूला काढून ठेवावा; १९९३-९४ पासून ती पद्धत सुरू झाली. हाही एका अर्थाने नागपूर कराराचाच नियम; फक्त तो आदिवासींना लागू व्हायला चाळीस वर्षे लागली.

असे का झाले? ह्याचे उत्तर शोधायला पुन्हा एकदा नकाशाकडे, ह्या वेळी सरहद्दीकडे, पाहू. महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे होताना डांगचा वाद निघाला होता. डांगी बोली मराठीची की गुजरातीची, ह्यावर दोन्ही बाजूंच्या विद्वानांनी पाने भरली. मराठी मंडळी मराठीचे प्रत्यय दाखवीत, गुजराती मंडळी गुजरातीचे. दोन्ही राज्यांना डांगचे सागवान दिसत होते, हेही खरे. १९६० साली डांग जिल्हा गुजरातेत गेला. ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव तालुक्यातली गावेही गेली, आणि पश्चिम खानदेशातल्या नवापूर, नंदुरबार, तळोदे, अक्कलकुवे ह्या भागांतलीही काही गेली. ही बहुतेक वस्ती आदिवासींची. तुम्हाला कोणत्या राज्यात राहायचे, असा स्वतंत्र कौल त्यांच्याकडून घेण्यात आला नाही.

तो घेता येत नव्हता असे नाही. सात वर्षांनी गोव्यात घेतला. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्याच्या मतदारांना विचारण्यात आले की महाराष्ट्रात जायचे की वेगळे राहायचे. १,७२,१९१ मते वेगळे राहण्याच्या बाजूने पडली आणि १,३८,१७० विलीनीकरणाच्या बाजूने. महाराष्ट्रातल्या पुष्कळांना तो निकाल रुचला नाही. पण त्यावर गोळी चालली नाही, आणि आज तो वाद उरलेला नाही. बेळगावचा प्रश्न मात्र १९५६ पासून कुजत पडला आहे. १९६७ च्या महाजन आयोगाच्या अहवालाने तो सुटला नाही, आणि २००४ साली तो सर्वोच्च न्यायालयात गेला. लोकांना विचारून केलेला निर्णय पचतो. न विचारता केलेला पिढ्यान्‌पिढ्या टोचत राहतो.

अमेरिकेलाही हाच धडा मिळाला, आणि फार महाग पडून मिळाला. १७८७ च्या सभेत उत्तर-दक्षिणेची समजूत घालताना एक भयंकर हिशोब मांडला गेला. दक्षिणेतल्या गुलामांना मताचा अधिकार नाही. पण मालकांच्या राज्याला जागा किती, हे मोजताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे असे धरायचे! वीस वर्षे गुलामांचा व्यापारही थांबवायचा नाही. ज्यांच्या देहाचा हा सौदा होता, त्यांच्यापैकी एकही जण त्या सभेत नव्हता. पुढे १८२० साली मिसूरी राज्य संघात घेताना नकाशावर एक आडवी रेघ ओढली: त्या राज्याचा अपवाद सोडून, पश्चिमेच्या नव्या मुलखात रेघेच्या वर गुलामगिरी नाही, खाली चालेल. १८३० साली तेथल्या मूळ रहिवाशांना हटवण्याचा कायदा झाला, आणि १८३८-३९ मध्ये चेरोकी लोकांना घरादारातून काढून शेकडो मैल पश्चिमेला हाकलले. वाटेत हजारो मेले. गोऱ्या राज्यांची आपसांतली एकी टिकावी म्हणून प्रत्येक वेळी तिसऱ्याचा बळी दिला. वॉशिंग्टनने १७९६ सालीच देशवासीयांना बजावले होते की प्रदेशाप्रदेशांत फळ्या पाडू नका. पण ज्या अन्यायावर त्या फळ्या उभ्या होत्या, त्याला हात लागला नाही. १८६१ साली देश दुभंगला आणि चार वर्षांच्या यादवीत सहा लाखांवर माणसे मेली.

आपली स्थिती तशी नाही, हे कृतज्ञतेने म्हटले पाहिजे. आपल्या घटनेने पहिल्याच दिवशी प्रत्येक प्रौढाला मत दिले. वारल्याला दिले, कातकऱ्याला दिले. पण मत मिळाले म्हणजे बोलण्यात वाटा मिळाला असे होत नाही. डहाणू-उंबरगावच्या भागात १९४५ पर्यंत लग्नगड्याची चाल होती. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घेतले की नवराबायको दोघांनी जन्मभर त्याच्या शेतावर राबायचे. १९४५ साली गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर ह्यांच्या पुढाकाराने वारली उठले तेव्हा ती मोडू लागली. देशभर वेठबिगारीला बंदी करणारा कायदा १९७६ साली झाला. ह्या माणसांच्या गावांची वाटणी ज्या बैठकांत झाली, त्या बैठकांत बोली कोणाची हे विचारले गेले; भूक कोणाची हे विचारले गेले नाही.

जव्हारची एक जुनी दंतकथा आहे. जव्हारच्या राज्याचा मूळपुरुष तेथल्या प्रमुखाकडे गेला आणि म्हणाला, 'एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मला दे.' प्रमुख हसून 'घे' म्हणाला. तेव्हा ह्याने कातड्याची दोऱ्यासारखी बारीक वादी कापली आणि तिच्या वेढ्यात बसेल तेवढी सगळी जागा घेतली. गोष्ट ऐकून आपण त्याच्या चातुर्याला हसतो. पण ज्याची जमीन गेली, त्याच्या बाजूने ती ऐका. करारातला शब्दन्‌शब्द पाळला गेला, आणि तरी तो फसला. करार किती लांब आहे ह्याला महत्त्व नाही. तो कोणत्या नियतीने वाचला जातो, ह्याला आहे. 'उर्वरित महाराष्ट्र' ह्या दोन शब्दांत मोखाड्याला कोंबणे, ही त्याच कातड्याची उलटी युक्ती झाली.

आजचा एक दाखला देऊन संपवतो. वैतरणा नदीवरचे मोडकसागर धरण १९५७ साली पुरे झाले, आणि त्याचे पाणी मुंबईला जाते. ह्या शतकात मोखाडा तालुक्यातल्या कोचाळ्याजवळ मध्य वैतरणा धरण झाले, तेही मुंबईसाठीच. मुंबईने पाणी प्यावे, ह्याला कोणाची ना नाही. ती आपलीच राजधानी; तिच्यासाठी माणसे मेली आहेत. पण चैत्र-वैशाखात मोखाड्याच्या पाड्यावरची बाई हंडा घेऊन आटलेल्या विहिरीच्या तळाशी उतरते, किंवा टँकरची वाट पाहत उन्हात उभी राहते, तेव्हा 'आपण सारे एक' हे वाक्य तिला कसे ऐकू येत असेल? दिवाळीनंतर पाडेच्या पाडे वीटभट्टीवर निघून जातात. शाळेचा पट भरलेला आणि वर्ग रिकामा. हे शिक्षकबंधूंना मी सांगायला नको.

मग करायचे काय? दोन गोष्टी हाती आहेत. पहिली अशी की १९९६ च्या कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला आपल्या जमिनीबद्दल, पाण्याबद्दल, गौण वनोपजाबद्दल अधिकार दिले आहेत; महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ साली केले. जव्हार आणि मोखाडा, जेथे दहातली नऊ माणसे आदिवासी आहेत, ह्या क्षेत्रात येतात. एके काळी 'वगळलेल्या' मुलखाला आता सभेत मानाचे पान आहे. ते रिकामे राहू देऊ नका. ग्रामसभेची दवंडी झाली की बायकांसह सर्वांनी जावे, ठराव वाचून घ्यावा, आणि मगच अंगठा किंवा सही करावी.

दुसरी गोष्ट शिक्षकांसाठी. १ मे रोजी शाळेत झेंडावंदन होते, हुतात्म्यांना वंदन होते, ते व्हावेच. पण त्या दिवशी मुलांना नागपूर कराराची अकरा कलमेही सोप्या भाषेत वाचून दाखवा. मग फळ्यावर दोन रकाने पाडा: वचन काय, आणि मिळाले काय. तिसरी चौथीच्या मुलांनाही हे समजते. आपल्या गावाला रस्ता कधी आला, दवाखाना किती दूर, विहिरीला पाणी कोणत्या महिन्यापर्यंत, हे मुले घरी विचारून येतील. हा इतिहासाचा धडा आहे, आणि हिशोबाचाही.

असा हिशोब मागणे म्हणजे फुटीरपणा, असे कोणी म्हटले तर भिऊ नका. हिशोब मागतो तो घरातला भाऊ. ज्याला वेगळे निघायचे असते तो हिशोब मागत बसत नाही, तो वाटणी मागतो. विदर्भाने, मराठवाड्याने अनुशेषाचा हिशोब मागितला म्हणून महाराष्ट्र दुबळा झाला नाही. मोखाड्यानेही आपला हिशोब मागावा, 'उर्वरित' म्हणून नव्हे, मोखाडा म्हणून मागावा. आणि मुंबईने तो आपल्या धाकट्या भावाचा म्हणून ऐकावा.